मेलेल्यांचे पीडीए : अंतराळातल्या गेममध्ये ही यंत्रं कशासाठी गोळा करायची?

डूम ३ या गेममध्ये तुम्हाला बंदुकीच्या आधी पीडीए, म्हणजे पर्सनल डिजिटल असिस्टंट हा खिशातला छोटा संगणक, मिळतो. साल २१४५, जागा मंगळावरचा एका बड्या कंपनीचा संशोधनतळ, आणि तुम्ही तिथे नुकतेच रुजू झालेले बिननावाचे सैनिक. स्वागतकक्षात तपासणी होते आणि तळहाताएवढं एक यंत्र तुमच्या नावावर चढतं. त्यात तुमचे मेल येतात, कामाच्या सूचना येतात, कुठली दारं तुमच्यासाठी उघडतील याची नोंद असते. थोड्या वेळात तळावर नरकाचं दार उघडतं, माणसं पटापट मरतात आणि उरलेला सगळा गेम तुम्ही अंधारात राक्षस मारत, मेलेल्या कर्मचाऱ्यांचे पीडीए उचलत फिरता.

बाहेरून बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं. चहूबाजूंनी राक्षस येतायत आणि हा गडी कोपऱ्यात उभा राहून कुणाचे तरी ऑफिसातले मेल वाचतोय. पण विज्ञानकथेच्या गेममध्ये ही पद्धत गेली तीस वर्षं चालत आलीय. कुठे पीडीए म्हणतात, कुठे डेटापॅड, कुठे नुसतं लॉग. त्यामागचा विचार एकदा लक्षात आला की असे गेम खेळायची, किंवा घरात कुणी खेळत असेल तर मागे उभं राहून बघायची, मजा वाढते.

आधी खऱ्या पीडीएबद्दल थोडक्यात. ॲपलचा न्यूटन १९९३ साली आला, पाम पायलट १९९६ साली. काडीसारख्या पेननं पडद्यावर लिहायचं, पत्ते, भेटीगाठी, टिपणं खिशात ठेवायची. आपल्याकडे बंगळुरूमध्ये सिम्प्युटर नावाचा स्वस्त हातसंगणक घडवला गेला आणि २००४ मध्ये अमिडा या नावानं बाजारात आला. खानदेशात यातलं काही फारसं पोचलं नाही. आपल्या लोकांनी हातातलं यंत्र पाहिलं ते एसटीच्या कंडक्टरकडे तिकिटाचं, नाहीतर मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाकडे. २००७ मध्ये आयफोन आला आणि पीडीए हा प्रकारच संपला. गेममध्ये मात्र तो टिकला. २१४५ सालचा शास्त्रज्ञसुद्धा २००४ सालचं यंत्र खिशात घेऊन फिरतो, याचं मला अजूनही हसू येतं.

आता मुद्द्याची अडचण. गेममध्ये गोष्ट सांगणं हे मुळात कटकटीचं काम. सिनेमात प्रेक्षक खुर्चीत बसून असतो, दाखवाल ते बघतो. गेममध्ये खेळणारा मोकाट सुटलेला. एखादं पात्र जीव तोडून बोलत असताना हा टेबलावर उड्या मारतो, बाजूच्या खोलीत जाऊन गोळ्या शोधतो, बोलणाऱ्याच्या तोंडावर टॉर्च मारतो. त्याला बांधून घालून सिनेमा दाखवला तर तो चिडतो, आणि मोकळा सोडला तर गोष्ट हुकते. शिवाय गेममधलं जिवंत माणूस म्हणजे त्रासच. त्याला काय विचारायचं, तर यादीतल्या तीन-चार वाक्यांपैकी एक निवडायचं. तो ठरलेलं उत्तर देणार. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. दोन मिनिटांत कळतं की समोर माणूस नाही, बाहुला आहे.

लुकिंग ग्लास या अमेरिकी कंपनीला ही अडचण नीट ठाऊक होती, कारण १९९२ च्या त्यांच्या अल्टिमा अंडरवर्ल्डमध्ये अशीच यादीतून निवडायची संभाषणं होती. १९९४ च्या सिस्टिम शॉकमध्ये त्यांनी तोडगा काढला तो जालीम होता. सगळ्यांना मारून टाकलं. सिटाडेल नावाचं अंतराळस्थानक, त्याचा ताबा घेतलेली शोडान ही संगणकबुद्धी, आणि तुम्ही सहा महिन्यांच्या बेशुद्धीतून जागे होता तोवर स्थानकावरची माणसं मेलेली किंवा राक्षसासारखी झालेली. त्यांच्याशी बोलायचा प्रश्नच मिटला. मागे राहिल्या त्यांच्या नोंदी. कुणी मदत मागितलेली, कुणी शोडानला थांबवायचा बेत आखलेला, कुणी फक्त वरिष्ठांवर वैतागलेलं. मेलेला माणूस तेच ते वाक्य पुन्हा बोलला तरी खटकत नाही, कारण ते रेकॉर्डिंगच आहे. तंत्राची मर्यादा होती ती गोष्टीचाच भाग होऊन गेली. माझ्या मते गेमच्या इतिहासात इतका स्वस्त आणि इतका हुशार तोडगा दुसरा नाही.

त्या गेमची फ्लॉपीवरची आवृत्ती सप्टेंबर १९९४ मध्ये आली. फ्लॉपीत जागा किती असणार, म्हणून तिथे नोंदी फक्त वाचायच्या होत्या. डिसेंबरमध्ये सीडी आली आणि त्याच नोंदींना आवाज मिळाला. तिथून पुढे ही प्रथाच पडली.

पण तुकड्यातुकड्यांतल्या नोंदींमधून गोष्ट कशी उभी राहते? रावेर-सावद्याकडच्या वाचकाला हे लगेच पटेल. समजा त्या रस्त्यावर तुम्हाला एखाद्या केळीच्या व्यापाऱ्याची खिशातली वही पडलेली सापडली. सुरुवातीला कुणाच्या बागेतून किती क्विंटल माल कापला, काट्याची पावती, ट्रकचा नंबर, मजुरांना दिलेली उचल. मग एका शेतकऱ्याच्या नावापुढे बाकी. चार पानांनी तीच बाकी पुन्हा, त्यापुढे पुन्हा, दरवेळी थोडी वाढलेली. मध्येच औषधांच्या दुकानाचं बिल खोचलेलं. शेवटच्या पानांवर मालाची नोंदच नाही, नुसते फोन नंबर आणि त्यातले काही खोडलेले. ‘मी अडचणीत आहे’ असं वहीत कुठेही लिहिलेलं नसतं. तरी पाच मिनिटांत तो माणूस तुमच्यासमोर उभा राहतो, आणि तो तुम्ही उभा केलेला असल्यामुळे लवकर विसरतही नाही.

गेमचा लेखक याच भरवशावर काम करतो. मात्र त्याची एक जास्तीची पंचाईत असते. वहीची पानं निदान ओळीनं असतात. गेममधले पीडीए खेळणारा कुठल्या क्रमानं उचलेल, कुठले सोडून जाईल, याचा नेम नाही. म्हणून प्रत्येक नोंद स्वतःपुरती समजली पाहिजे आणि दुसऱ्या नोंदीशेजारी ठेवली की तिला नवा अर्थही आला पाहिजे. एकाच्या मेलमध्ये ‘खालच्या मजल्यावर रात्री आवाज येतात, माझी बदली करा’ अशी विनवणी, दुसऱ्याच्या पीडीएत त्याच विनंतीवर वरिष्ठाचा थंड शेरा. दोन्ही सापडली तर राग येतो. एकच सापडली तरी गेम अडत नाही.

डूम ३ च्या पोटात हे कसं बसवलंय ते आज उघड बघता येतं, कारण तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरनं नोव्हेंबर २०११ मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, खुला केला. त्यात पीडीए म्हणजे साधी मजकुराची नोंद आहे. पूर्ण नाव, फोटोचं चित्र, ओळख क्रमांक, नेमणूक कुठे, हुद्दा काय, आणि सुरक्षा परवाना. त्याखाली जोडलेले मेल, आवाजी नोंदी आणि व्हिडिओ. मेलची नोंद वेगळी, तिच्यात तारीख, कुणाकडून, कुणाला, विषय, मजकूर. थोडक्यात, एखाद्या आस्थापना विभागातलं सेवापुस्तक. नकाशात ठरलेल्या जागी ही वस्तू ठेवलेली असते. तुम्ही तिच्यावर पाय दिला की ती तुमच्या यादीत येते आणि तिचा सुरक्षा परवाना तुमच्या परवान्यांत मिळवला जातो. मघाशी बंद असलेलं दार आता उघडतं. ते का उघडलं? तर अमुक अभियंत्याला त्या खोलीत जायची मुभा होती, आणि तो अभियंता आता नाही.

डूम ३ ची खरी चलाखी कपाटांमध्ये आहे. तळावर जागोजागी आकड्यांची कुलपं लावलेली कपाटं आहेत, आत गोळ्या, चिलखत, औषधं. आकडा, बहुतेक तीन अंकी, कुणाच्या तरी मेलमध्ये किंवा आवाजी नोंदीत दडलेला. साठा कायम तोकडा असल्यामुळे तुम्ही लोभानं नोंद ऐकायला लागता. आकडा शेवटी येईल की मध्येच, माहीत नसतं, म्हणून सगळं ऐकावं लागतं. आणि ऐकता ऐकता कळतं की हा माणूस यंत्राच्या दुरुस्तीसाठी महिनाभर अर्ज करत होता, ती बाई दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी घाबरत होती. कपाटासाठी कान दिला आणि माणूस कळला. माझं म्हणणं एवढंच आहे की या जातीची यंत्रं तेव्हाच जमतात, जेव्हा ऐकणाऱ्याला स्वतःच्या फायद्याचं काहीतरी कारण दिलेलं असतं.

एका कपाटाची गंमत तर गेमच्या बाहेर गेली होती. एका पीडीएत मार्शियन बडी नावाच्या कंपनीचा जाहिरातीचा मेल येतो, आपल्याला रोज येतात तसला कचरा. त्यात वेबसाइटचा पत्ता. ती वेबसाइट खरोखरच्या इंटरनेटवर होती आणि तिथे कपाटाचा आकडा मिळायचा : ०५०८. घरी डायल-अप असणाऱ्याला ते महागात पडायचं. सायबर कॅफेत बसलेल्याला पुढच्याच खिडकीत उघडता यायचं.

सायबर कॅफेचं म्हणाल तर जळगाव-भुसावळकडे तेव्हा बहुतेक ठिकाणी काउंटर-स्ट्राइकच चालायचं. डूम ३ ला ३८४ एमबी रॅम आणि ६४ एमबीचं ग्राफिक्स कार्ड लागायचं, तसा संगणक सगळ्या दुकानात मिळून एखादाच. आणि पैसे तासावर. घड्याळ चालू असताना मंगळावरच्या मेलेल्या माणसाची कैफियत कोण ऐकत बसणार! त्यात इंग्रजी अमेरिकी उच्चारातलं आणि मूळ गेममध्ये सबटायटल्स नाहीत. ऐकू न येणाऱ्या खेळाडूंसाठी म्हणून बाहेरच्या काही लोकांनी डूम३ सीसी नावाचा मॉड, म्हणजे गेमवर चढवायचा बदल, केला, त्यानं आवाजाच्या ओळी पडद्यावर आणल्या. आमच्याकडच्या मराठी माध्यमातल्या पोरांनाही तो कामाचा होता, पण तो आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. एक गोष्ट मात्र सगळ्यांना ऐकू यायची : आकडे. बाकीचं रामायण डोक्यावरून जायचं, पण सेव्हन-टू-फोरसारखं काही कानावर पडलं की पाठीमागे उभे असलेले तिघं एकदम ओरडायचे, ‘लिही, लिही!’

आता वेगळ्या वळणाचा गेम घेऊ. सबनॉटिका, जानेवारी २०१८ चा. अरोरा नावाचं तुमचं यान एका पाणीच पाणी असलेल्या ग्रहावर कोसळतं, तुम्ही एका छोट्या जीवरक्षक डबीत वाचता. बंदूक नाही, नकाशासुद्धा नाही. तुमचा पीडीए हीच तुमची पिशवी, तुमचं पाठ्यपुस्तक आणि बोलणारा सोबती. धुळ्याला माझा भाचा हा गेम खेळत होता. पाण्याखालच्या एका पडक्या तळात त्याला टाकून दिलेला पीडीए सापडला आणि त्यातून एका माणसाचा आवाज यायला लागला. भाच्याची आजी बाजूला शेंगा निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

‘मरेल मानूसना फोन काब्र उचली ऱ्हायना रे तू?’

‘आजी, फोन नाहीये तो. ते लोक आधी इथे अडकले होते. त्यांनी सांगून ठेवलंय.’

‘मंग ते कथा गयात?’

भाच्यानं खांदे उडवले. ‘तेच तर शोधतोय.’

आजीनं दोन वाक्यांत गेमचा नेमका प्रश्न विचारला. सबनॉटिकाची गोष्ट सुरू होण्याच्या दहा वर्षं आधी डेगासी नावाचं यान तिथे कोसळलेलं असतं. त्यातले तिघं वाचतात : पॉल टॉर्गल हा धनाढ्य बाप, बार्ट हा त्याचा मुलगा, आणि मार्गरीट मेडा ही पैशांवर लढणारी बाई. त्यांचा पहिला तळ तरंगत्या बेटावर, दुसरा समुद्रात अडीचशे मीटर खोल, तिसरा पाचशे मीटर. एका तळावरचा पीडीए उचलला की पुढच्या तळाचा सिग्नल मिळतो. नकाशा नसलेल्या गेममध्ये हाच रस्ता. बाप आणि ती बाई कुठे राहायचं, काय करायचं यावर भांडतात, मुलगा मधे ओढला जातो, आणि प्रत्येक भांडण तुम्हाला आणखी खोल पाण्यात नेतं. तिथे जायला जास्त प्राणवायू हवा, मजबूत पाणबुडी हवी. म्हणजे पुढची नोंद ऐकायची तर आधी टायटॅनियम गोळा करा. डूम ३ मध्ये नोंद ऐकून कपाट मिळत होतं. इथे कपाट भरल्याशिवाय नोंद मिळत नाही. हिशेब उलटा, पण गाठ पक्की.

बाकी बऱ्याच गेममध्ये ही गाठ सबनॉटिकाच्या आधीच सैल पडली होती, ती वेगळ्या कारणानं. नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० हे गेम खेळायचं यंत्र आलं आणि त्याच्यासोबत अचिव्हमेंट, म्हणजे शाबासकीचे बिल्ले. गेममध्ये अमुक केलं की टुण्णकन आवाज, तमुक गुण, मित्रांना दिसेल अशी नोंद. मग प्रत्येक गेममध्ये ‘इतक्यापैकी इतकं सापडलं’ असं लिहून यायला लागलं. पीडीए, डायऱ्या, टेपा, बिल्ले, पिसं, काहीही. यादी पुरी करायची आपली खाज खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही; पण आकडा समोर आला की माणूस ऐकणं सोडून मोजायला लागतो. मी अशी मुलं पाहिलीयत जी एका हातात मोबाइलवर जागा दाखवणारा व्हिडिओ लावून फटाफट सगळे लॉग उचलतात आणि एकही ऐकत नाहीत. २०१२ मध्ये डूम ३ ची बीएफजी आवृत्ती आली तेव्हा तिच्यातही सगळे पीडीए जमवण्याचं अचिव्हमेंट घातलं गेलं. जे आधी गरज म्हणून उचलत होते ते आता हजेरीपटासाठी उचलायचं.

याला अपवाद म्हणून मी हेलो : रीच या गेमकडे बोट दाखवेन. बंजी कंपनीचा हा शेवटचा हेलो, १४ सप्टेंबर २०१० ला आला. रीच हा ग्रह २५५२ साली परग्रहवासीयांच्या हल्ल्यात पडतो त्याची गोष्ट. यात डेटापॅड लपवलेत, तेही भिंतीच्या कडेला, छपरावर, भलत्याच कोपऱ्यात, जिथे लढाईच्या ओघात कुणी जाणार नाही. त्यातले काही तर लेजेंडरी या सर्वांत कठीण पातळीवर खेळल्याशिवाय दिसतच नाहीत. ते उचलून गोळ्या मिळत नाहीत, दार उघडत नाही. नुसता मजकूर, तोही कोरडा, बैठकीच्या इतिवृत्तासारखा. पण ती बैठक आहे यंत्रबुद्धींची, माणसांच्या नकळत माणसांचं भलं-बुरं ठरवणारी. मुख्य गोष्टीत तुम्ही शूर सैनिक म्हणून मरायला निघालेले असता. डेटापॅड वाचल्यावर शंका येते की ही सगळी पळापळ कुणीतरी आधीच जमाखर्चात धरलेली होती. म्हणून तो मजकूर लपवलेला बरोबर वाटतो. गुपित रस्त्यात मांडून ठेवलं असतं तर ते गुपित राहिलंच नसतं. फक्त लेजेंडरीची अट मला जाचक वाटते. ज्याची बोटं चपळ त्यालाच वाचायला मिळावं, हा कुठला न्याय?

या सगळ्या प्रकारावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खरा आहे. मरणाच्या दारात कोण रेकॉर्डिंग करतं? दाराबाहेर राक्षस खरवडतोय आणि हा भला माणूस शांतपणे तारीख सांगून बोलायला सुरुवात करतो. कपाटाचा आकडा कोण आपल्या डायरीत मोठ्यानं वाचतं? कामचलाऊ लेखक असले प्रसंग ढिगानं लिहितात. चांगला लेखक मरणाच्या क्षणाला हातच लावत नाही. तो आठवडाभर आधीची नोंद ठेवतो : डबा कुणी चोरला, वाढदिवसाला कोण येणार, खेळाची पुढची बैठक कधी.

खेळाची बैठक म्हटलं की अर्केन कंपनीचा २०१७ चा प्रे हा गेम आठवतो. टालोस वन हे अंतराळस्थानक, आणि तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला नाव आहे. सुरक्षा कक्षातल्या संगणकावर सगळ्यांची यादी निघते. एखादं नाव निवडलं की तो माणूस, किंवा त्याचा देह, आत्ता कुठे आहे ते नकाशावर दिसतं. इथल्या हातातल्या यंत्राचं नाव ट्रान्सक्राइब. एका ठिकाणी पुढचं दार डॅनिएल शो या बाईच्या आवाजाशिवाय उघडत नाही आणि ती समोर नाही. मग तिच्या आवाजाचे नमुने जमवायचे. ती मित्रमंडळींसोबत फासे टाकून राजा-राक्षसांचा खेळ खेळायची, अ‍ॅबिगेल फॉय नावाच्या सहकारी बाईवर तिचं प्रेम होतं, दोघींमध्ये काय बिनसलं, हे सगळं तुम्ही निव्वळ दाराच्या कामासाठी ऐकता. इथे आकडाबिकडा नाही. तिचा आवाज हीच किल्ली. १९९४ मध्ये सुरू झालेल्या युक्तीचा याहून नेटका वापर मी तरी पाहिलेला नाही.

सुरुवात करायची असेल तर मी सबनॉटिका सुचवेन, कारण त्यात गोळीबार नाही आणि घरातलं कुणीही शेजारी बसून बघू शकतं. खेळायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल्स चालू करा. सापडलेली नोंद तिथल्या तिथे ऐकलीच पाहिजे असं नाही. ती पीडीएच्या डेटाबँकमध्ये साठते, तळावर परत येऊन निवांत वाचता येते. पाण्याखाली असताना ऐकत बसलात तर प्राणवायू मात्र कुणासाठी थांबत नाही.